डोपामिन किती, हा प्रश्न अपुरा आहे

१९६० च्या दशकाच्या अखेरीस वाइ यिउ च्युंग हे तरुण जीवरसायनशास्त्रज्ञ गुरांच्या मेंदूतून एक विकर वेगळं काढत होते. फॉस्फोडायएस्टरेज हे त्याचं नाव. पेशीत निरोप पोचवणाऱ्या सायक्लिक एएमपी या रेणूला मोडीत काढणं हे त्याचं काम. अशा कामाची रीत ठरलेली असते. मेंदू वाटायचा, गाळ खाली बसवायचा, वरचा द्रव एका उभ्या स्तंभातून सोडायचा आणि खाली उतरणारे थेंब एकापाठोपाठ एक नळ्यांत धरायचे. प्रत्येक टप्प्याला नको ती प्रथिनं बाजूला पडतात आणि हवं ते विकर अधिकाधिक निखळ होत जातं. निखळ झालेलं विकर जास्त जोमाने चालावं, ही साधी अपेक्षा. च्युंग यांच्याकडे उलटंच घडलं. स्तंभातून उतरलेलं विकर मलूल पडलं होतं.

विकर बिघडलं असेल, असं म्हणून पुढे जाता आलं असतं. च्युंग यांनी तसं केलं नाही. बाजूला पडलेल्या नळ्यांतला द्रव त्यांनी विकरात परत मिसळून पाहिला, आणि त्यातल्या एका भागाने विकर पुन्हा कामाला लागलं. त्या भागात एक लहानसं प्रथिन होतं. उष्णता देऊनही त्याचा गुण जात नव्हता, आणि ते स्वतः कुठलीही रासायनिक क्रिया करत नव्हतं. त्याच्या असण्याने विकर चालायचं, एवढंच. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातून १९७० साली हे काम प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी जपानमध्ये शिरो काकिउची यांना उंदराच्या मेंदूत असाच मदतनीस सापडला, आणि त्याला काम करायला कॅल्शियम लागतं हेही दिसलं. पुढे त्या प्रथिनाला कॅल्मोड्युलिन असं नाव मिळालं.

या हकिगतीतली महत्त्वाची गोष्ट अशी, की विकर शाबूत होतं, त्याचं प्रमाणही भरपूर होतं. पण त्याला चालवणारं प्रथिन शुद्धीकरणातच वेगळं निघून गेलं होतं. मेंदूबद्दल आपण आज घरीदारी जे बोलतो, त्यातही नेमकं हेच निसटून जातं. ‘डोपामिन कमी झालंय’, ‘सेरोटोनिन वाढवणारा आहार’, ‘डोपामिन डिटॉक्स’ अशी भाषा रील्सपासून समुपदेशनाच्या वर्गांपर्यंत सगळीकडे ऐकू येते. तिचा सगळा भर प्रमाणावर आहे. रसायन कमी असेल तर वाढवा, जास्त असेल तर घटवा. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात विचारा, धरण भरलेलं असूनही नळाला पाणी येईल की नाही, हे पाणी सोडणारा माणूस कुठल्या आळीचा व्हॉल्व्ह किती वाजता फिरवतो यावर ठरतं. मेंदूतल्या विकरांना अशीच माणसं नेमलेली आहेत, आणि ती माणसंही प्रथिनंच आहेत. मेंदूचे आजार, मेंदूवरची औषधं आणि स्मरणशक्ती या तिन्हींबद्दल धड विचार करायचा, तर या नियामक प्रथिनांना चर्चेच्या मध्यभागी आणावं लागेल.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. विकर म्हणजे रासायनिक क्रियेला प्रचंड वेग देणारं प्रथिन. इतका वेग मोकाट सोडला तर पेशी टिकणार नाही, म्हणून महत्त्वाची विकरं बहुतेक वेळ आवरून धरलेली असतात. त्यांना सोडण्या-बांधण्याचे दोन मार्ग विशेष महत्त्वाचे. एक, दुसरं प्रथिन येऊन विकराला चिकटतं आणि त्याचा आकार बदलतं; कॅल्मोड्युलिनचा मार्ग हा. दुसरा, विकरावर ठरावीक जागी फॉस्फेटचा गट बसवला जातो किंवा तिथून काढला जातो. एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर यांनी १९५० च्या दशकात सिएटलमध्ये स्नायूंमधल्या विकरावर काम करताना ही दुसरी तऱ्हा उलगडली. १९९२ साली त्यांना नोबेल मिळालं. फॉस्फेट बसवणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात, काढणाऱ्यांना फॉस्फटेज.

इथे हिशेबात एक विलक्षण तफावत दिसते. माणसाच्या जनुकसंचात कायनेज पाचशेहून अधिक आहेत, पण सेरीन आणि थ्रिओनीन या अमिनो आम्लांवरून फॉस्फेट उतरवणारी फॉस्फटेज मोजकी काही डझन. मग इतक्या थोड्या विकरांना कोणतं फॉस्फेट कुठून काढायचं, हे कळतं कसं? त्यातलं पीपी-१ हे सर्वांत कामसू. ते एकटं सोडलं तर समोर येईल ते फॉस्फेट ओरबाडेल. पेशीत ते असं एकटं सापडत नाही. त्याला चिकटणारी सुमारे दोनशे प्रथिनं माहीत आहेत. कुणी त्याला एका जागी नेऊन बसवतं, कुणी त्याची नजर एकाच लक्ष्यावर ठेवतं, कुणी त्याला पार थांबवतं. पीपी-१ कुणाबरोबर आहे, यावर ते काय करील हे ठरतं.

आता प्रमाणाच्या बाजूने जे म्हणायला हवं ते म्हणू, कारण ती बाजू दुबळी नाही. तिचा धागा मुंबईतून जातो. के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरचा उपयोग १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमधून जगापुढे मांडला. आपल्या वैद्यकात ही वनस्पती जुनीच. वकिलांनी ती आधुनिक चाचणीच्या शिस्तीत बसवली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. हे रेसर्पिन स्वीडनमधल्या आर्विड कार्लसन यांच्या हाती आलं आणि १९५७ साली त्यांनी ते सशांना दिलं. ससे कान पाडून निश्चल पडून राहिले. मग त्यांना एल-डोपा टोचल्यावर थोड्याच वेळात ते पुन्हा हलू-फिरू लागले. रेसर्पिनने मेंदूतली डोपामिनची साठवण रिकामी केली होती, आणि एल-डोपापासून मेंदूने नवं डोपामिन बनवलं होतं. १९६० मध्ये व्हिएन्नात हॉर्निकिविच आणि एहरिंगर यांनी पार्किन्सनच्या रुग्णांच्या मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले. स्ट्रायटम या भागात डोपामिन फारच घटलेलं होतं. १९६० च्या दशकाच्या शेवटी जॉर्ज कोट्झियस यांनी चढत्या मात्रेने तोंडावाटे औषध देण्याची रीत बसवली, आणि वर्षानुवर्षं खुर्चीला खिळलेली माणसं उठून चालू लागली.

ही विसाव्या शतकातल्या वैद्यकाची एक मोठी कामगिरी आहे, आणि ती ‘कमी आहे, भरून काढा’ या तर्कानेच साधली. आजही पार्किन्सनवर लेव्होडोपाइतकं, म्हणजे याच एल-डोपाइतकं, गुणकारी औषध दुसरं नाही. तिच्याबद्दल कृतज्ञ राहूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा.

काही वर्षं गोळी घेतल्यावर अनेक रुग्णांना वेगळाच त्रास सुरू होतो. गोळीचा अंमल चढला की हात, मान, धड आपोआप वळवळू लागतं. माणूस बसल्या जागी डुलत राहतो, हातातला चहा सांडतो, घास तोंडापर्यंत नीट जात नाही. याला डिस्कायनेशिया म्हणतात. उपचाराच्या चार ते सहा वर्षांत सुमारे ४० टक्के रुग्णांमध्ये तो दिसतो. घरच्यांना वाटतं, आजार वाढला. खरं तर त्या वेळी मेंदूत डोपामिन पुरेसं आलेलं असतं. आजारात डोपामिन कमी होतं, गोळीने ते भरून निघालं, तरीही हालचाल माणसाच्या ताब्यात आली नाही. प्रमाणाच्या तर्काकडे याचं पुरं उत्तर नाही.

उत्तराचा मोठा भाग पॉल ग्रीनगार्ड यांच्या कामात आहे. १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या ग्रीनगार्ड यांची आई पर्ल माइस्टर त्यांना जन्म देतानाच वारली. २००० सालचं नोबेल कार्लसन आणि एरिक कँडेल यांच्यासह त्यांना मिळालं, तेव्हा आपल्या वाट्याच्या रकमेतून त्यांनी आईच्या नावाने स्त्री-वैज्ञानिकांसाठी पुरस्कार सुरू केला. ज्या काळात चेतापेशींचा अभ्यास मुख्यतः विजेच्या भाषेत चालत होता, त्या काळात ते एकच प्रश्न धरून बसले: डोपामिन पेशीच्या दाराशी पोचल्यानंतर आत काय होतं?

आत जे होतं, ते पायरीपायरीने पाहण्यासारखं आहे. डोपामिन स्ट्रायटममधल्या पेशीच्या डी-१ ग्राहकाला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. त्यामुळे आत सायक्लिक एएमपी वाढतं. पीकेए नावाचं कायनेज एरवी आपल्याच दोन नियामक घटकांच्या पकडीत असतं. सायक्लिक एएमपी त्या घटकांवर जाऊन बसलं की पकड सुटते आणि कायनेज मोकळं होतं. मोकळं झालेलं पीकेए तिथल्या एका प्रथिनावर, त्याच्या साखळीतल्या ३४ व्या जागी असलेल्या थ्रिओनीनवर, फॉस्फेट बसवतं. ग्रीनगार्ड यांच्या गटाने १९८३ मध्ये वर्णन केलेलं हे प्रथिन म्हणजे डार्प-३२. सुमारे २०० अमिनो आम्लांचं, ठाम आकार नसलेलं, लवचीक. हेमिंग्ज, ग्रीनगार्ड आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की ३४ व्या जागी फॉस्फेट चढलं की डार्प-३२ थेट पीपी-१ चं काम थांबवतं. पीपी-१ थांबलं, की पेशीतली अनेक प्रथिनं, विजेचे प्रवाह घडवणारे मार्ग आणि ग्राहकसुद्धा, फॉस्फेट धरून राहतात. डोपामिनचा निरोप त्यामुळे पक्का होतो आणि टिकतो.

गंमत पुढेच आहे. त्याच डार्प-३२ वर ७५ व्या जागी दुसरं एक थ्रिओनीन आहे. तिथे सीडीके-५ हे वेगळं कायनेज फॉस्फेट बसवतं, आणि तसं झालं की हेच प्रथिन उलटून पीकेएलाच अडवतं. म्हणजे फॉस्फेट ३४ वर असेल तर डार्प-३२ फॉस्फटेजला आवरतं, ७५ वर असेल तर कायनेजला. शिवाय ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या निरोप्या रसायनाच्या संदेशाने पेशीत कॅल्शियम शिरलं, की कॅल्सिन्युरिन नावाचं फॉस्फटेज जागं होऊन ३४ वरचं फॉस्फेट काढून टाकतं. डोपामिन एका बाजूने, ग्लुटामेट दुसऱ्या बाजूने, आणि दोघांचा निवाडा एका लहान प्रथिनाच्या दोन जागांवर. इतक्या थोड्या साहित्यात इतकं नेमकं काम होतं, हे पाहून कुणीही थक्क व्हावं.

डिस्कायनेशियाचा अर्थ आता लागू लागतो. पार्किन्सनमध्ये डोपामिन देणाऱ्या पेशी मरत जातात, तसतसा स्ट्रायटममधला डी-१ चा मार्ग अतिसंवेदनशील होतो. निरोगी मेंदूत डोपामिन गरजेनुसार, नेमक्या जागी सुटतं. गोळीचं डोपामिन लाटेसारखं येतं आणि ओसरतं. उंदरांवरच्या प्रयोगांत लेव्होडोपामुळे वळवळणाऱ्या प्राण्यांत डार्प-३२ च्या ३४ व्या जागेवर फॉस्फेट वाढलेलं दिसलं. ज्या उंदरांत डार्प-३२ चं जनुकच काढून टाकलं होतं, त्यांच्यात हा त्रास पुष्कळ कमी झाला. २००७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांना औषध तेच दिलेलं होतं.

याच प्रथिनाने आणखी दोन पुरावे पुरवले. २००३ मध्ये ग्रीनगार्ड यांच्या गटाने अँफेटामिन, एलएसडी आणि फेन्सायक्लिडिन ही तीन मादक द्रव्यं एकत्र तपासली. पहिलं डोपामिनच्या, दुसरं सेरोटोनिनच्या, तिसरं ग्लुटामेटच्या व्यवस्थेत ढवळाढवळ करतं. तरी तिघांचा परिणाम डार्प-३२ च्या वाटेने जातो आणि ते प्रथिन नसलेल्या उंदरांवर तिन्हींचा ठराविक परिणाम मंदावतो, असं दिसलं. त्याच्या आदल्या वर्षी कॅफीनबद्दलही असंच काही हाती लागलं होतं: कॅफीन डार्प-३२ च्या ७५ व्या जागेवरचं फॉस्फेट वाढवतं, आणि हे प्रथिन नसेल तर उंदरांना कॅफीनने येणारी तरतरी घटते. सकाळच्या चहाची तरतरी ‘अमुक रसायन वाढलं’ म्हणून येते, असं सांगणं किती अर्धवट आहे, ते इथे दिसतं.

डोपामिन बनतं कुठे, तिकडे वळलं तरी हेच चित्र. टायरोसीन हायड्रॉक्सिलेज हे विकर डोपामिन बनण्याचा वेग ठरवतं. १९६४ मध्ये नागात्सु, लेव्हिट आणि युडेनफ्रेंड यांनी ते शोधलं. तयार झालेलं डोपामिन याच विकराच्या लोहाला चिकटून त्याला थांबवतं. पीकेएने ४० व्या जागेवरच्या सेरीनवर फॉस्फेट बसवलं, की ती अडवणूक सुटते. १९ व्या जागेवर फॉस्फेट बसलं, की १४-३-३ नावाचं प्रथिन येऊन विकराला धरतं आणि त्याचं काम वाढवतं. १४-३-३ हे नाव त्याला १९६७ मध्ये मूर आणि पेरेझ यांनी मेंदूतली प्रथिनं वेगळी करताना दिलं. स्तंभातून उतरलेल्या भागाचा आणि स्टार्चच्या जेलवरच्या जागेचा तो निव्वळ क्रमांक. वीस वर्षं त्याचं काम काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९८७ मध्ये जपानी संशोधकांनी ते या विकराला चालना देतं असं दाखवलं, तेव्हा मेंदूतल्या विरघळणाऱ्या प्रथिनांचा सुमारे एक टक्का व्यापणाऱ्या या प्रथिनाच्या कामाचा उलगडा सुरू झाला.

(इथे एक व्यवहाराची गोष्ट. खाजकुयलीच्या बियांत, म्हणजे बाजारात कौचबीज म्हणून मिळणाऱ्या वस्तूत, एल-डोपा चांगल्या प्रमाणात असतो. ‘नैसर्गिक’ म्हणून तिचं चूर्ण घेणारा आणि शिवाय डॉक्टरांची लेव्होडोपाची गोळीही घेणारा रुग्ण नकळत मात्रा वाढवत असतो. घरात असं कुणी असेल, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.)

स्मरणशक्तीच्या क्षेत्रात तर प्रमाणाचा तर्क अगदीच थिटा पडतो. तिथलं मुख्य पात्र कॅम-कायनेज-२. मेंदूतल्या एकूण प्रथिनांपैकी एक ते दोन टक्के म्हणजे हेच विकर, आणि चेतापेशींच्या सांध्यांवर ते दाटीने आढळतं. त्याच्या बारा घटकांच्या जुळणीत प्रत्येक घटकाने आपलाच एक तुकडा आपल्या क्रियास्थानावर दाबून धरलेला असतो. सांध्यावर जोरदार संदेश आला, की कॅल्शियम आत येतं, कॅल्मोड्युलिन ते घेऊन या विकराला चिकटतं आणि तो तुकडा बाजूला होतो. मग शेजारचे घटक एकमेकांच्या २८६ व्या थ्रिओनीनवर फॉस्फेट बसवतात. कॅल्शियम ओसरलं तरी विकर काही काळ चालूच राहतं. जॉन लिसमन यांनी १९८५ मध्ये सुचवलं होतं, की प्रथिनं दिवसागणिक बदलत असूनही आठवण टिकते ती अशा स्वतःला चालू ठेवणाऱ्या कायनेजमुळे असेल.

आल्सिनो सिल्वा यांच्या गटाने १९९८ मध्ये ही कल्पना कसोटीला लावली. त्यांनी उंदरांत २८६ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललं. विकर तसंच होतं, कॅल्मोड्युलिन आलं की चालतही होतं. फक्त स्वतःला चालू ठेवायची सोय गेली होती. पाण्याच्या टाकीत लपवलेला चौथरा कुठे आहे, हे साधे उंदीर चार-दोन दिवसांत शिकतात. या उंदरांना ते जमेना. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात सांधे बळकट होण्याची नेहमीची प्रक्रियाही त्यांच्यात घडली नाही.

तरीही हा अध्याय इथे मिटत नाही, आणि ते बरंच आहे. २०२३ मध्ये कोलोरॅडोतल्या संशोधकांनी या कायनेजची रासायनिक क्रिया बंद पाडली, पण त्याला ग्लुटामेटच्या ग्राहकाला जाऊन चिकटू दिलं. सांधे तरीही बळकट झाले. म्हणजे ज्याला गेली चाळीस वर्षं विकर म्हणून अभ्यासलं, ते या कामात मुख्यतः जागा धरणारं, इतरांना बांधून ठेवणारं प्रथिन म्हणून उपयोगी पडत असावं. लिसमन यांच्या कल्पनेला यामुळे मुरड घालावी लागेल. नियामक आणि विकर यांच्यात आपण आखलेली रेघ पेशी फारशी मानत नाही, एवढं मात्र यातून कळतं.

जागेचा मुद्दा सीडीके-५ मध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो, तेच कायनेज जे डार्प-३२ च्या ७५ व्या जागेवर काम करतं. पी-३५ या प्रथिनाशिवाय ते निर्जीव असतं. पी-३५ ला एक मेदाम्लाची शेपटी असते. तिने ते पेशीच्या आवरणाला बांधलेलं राहतं आणि सीडीके-५ लाही तिथेच बांधून ठेवतं. पेशीवर आघात झाला की कॅल्पेन हे विकर पी-३५ चे तुकडे करतं. शेपटी गळते, उरलेला पी-२५ हा तुकडा सीडीके-५ ला घेऊन पेशीत भटकतो आणि पी-३५ पेक्षा जास्त काळ टिकतो. ली-ह्युई त्साय यांच्या गटाने १९९९ मध्ये अल्झायमरच्या मेंदूंत पी-२५ साठल्याचं नोंदवलं. इतर काही प्रयोगशाळांना तशी वाढ दिसली नाही, त्यामुळे माणसातल्या आजारात त्याचा वाटा किती, यावर वाद आहे. प्राण्यांमधला परिणाम मात्र भक्कम आहे. २०२३ मध्ये त्साय यांच्याच गटाने सीडीके-५ च्या एका तुकड्यावरून छोटं पेप्टाइड बनवलं. ते सीडीके-५ आणि पी-२५ यांची जोडी मोडतं, पी-३५ बरोबरच्या नेहमीच्या कामाला धक्का लावत नाही, आणि आजारी उंदरांच्या चेतापेशी व स्मृती दोन्ही त्याने सुधारल्या.

ही दिशा महत्त्वाची आहे, कारण विकर सरसकट बंद करण्याची किंमत आपण रोज पाहतो. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला नवा अवयव टिकावा म्हणून टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन घ्यावं लागतं. स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने १९९१ मध्ये दाखवलं, की ही दोन्ही औषधं शरीरातल्या दुसऱ्याच प्रथिनांना पकडून, त्यांच्यासह कॅल्सिन्युरिनला अडवतात. रोगप्रतिकारक पेशींत हे हवंच असतं. पण डार्प-३२ वरचं फॉस्फेट काढणारं कॅल्सिन्युरिन मेंदूत भरपूर असतं. त्याचं नावच मुळी कॅल्शियम आणि चेतासंस्थेवरून पडलं. टॅक्रोलिमस घेणाऱ्या कितीतरी रुग्णांचे हात थरथरतात, काहींना डोकेदुखी आणि झोप न लागणं हे त्रास होतात. जीव वाचवणारी ही औषधं घ्यायलाच हवीत. पण एकच विकर वेगवेगळ्या जागी वेगवेगळ्या सोबत्यांबरोबर वेगवेगळी कामं करतं, आणि आपण त्याला सगळीकडेच एकदम अडवतो, ही आजच्या औषधशास्त्राची मर्यादा आहे.

यावर औषधनिर्मात्यांचा आक्षेप गंभीर आहे. विकराच्या क्रियास्थानाला खोलगट खाच असते, लहान रेणू तिथे बसवता येतो. दोन प्रथिनं जिथे एकमेकांना भिडतात तो पृष्ठभाग रुंद आणि सपाट. तिथे गोळीतल्या रेणूला धरायला काही मिळत नाही. शिवाय पेप्टाइड रक्तातून मेंदूत पोचणं अवघड. ही अडचण खरी आहे. पण ती कारागिरीची अडचण आहे, आणि कारागिरी सुधारते. नियमनाला बाजूला ठेवून औषधं शोधत राहिल्याने ती कधीच सुटणार नाही.

प्रमाणाच्या भाषेने माणसांचं नुकसानही होतं, आणि ते अधिक काळजीचं आहे. नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, असं कित्येक वर्षं सांगितलं गेलं. २०२२ मध्ये जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन, या दाव्याला सातत्यपूर्ण पुरावा नाही, असं मांडलं. लगेच दुसरं टोक गाठलं गेलं: मग गोळ्या थोतांड आहेत. हे अनुमान तितकंच चुकीचं आणि जास्त घातक आहे. या गोळ्या अनेकांना बरं करतात. त्या सेरोटोनिनच्या वाहतुकीवर पहिल्या काही तासांतच परिणाम करतात, पण रुग्णाला बरं वाटायला आठवडे जातात. त्या मधल्या काळात पेशींच्या आत कायनेज, फॉस्फटेज, ग्राहक आणि जनुकं यांची नवी जुळवाजुळव होत असते. रुग्णाला सुरुवातीपासून एवढं सांगितलं असतं, तर पहिल्या पंधरवड्यात ‘फरक पडत नाही’ म्हणून गोळ्या सोडणारे आणि बातमी वाचून एका दिवसात बंद करणारे, दोघेही कमी झाले असते. अशा गोळ्या अचानक बंद करणं त्रासाचं ठरतं; बंद करायच्याच असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

‘डोपामिन डिटॉक्स’बद्दलही हेच म्हणता येईल. आठवडाभर मोबाइल बाजूला ठेवल्याने एखाद्याची झोप सुधारत असेल, मन शांत होत असेल, तर उत्तमच. पण त्यातून डोपामिन ‘बाहेर निघतं’ किंवा ‘पुन्हा भरतं’ असं शाळकरी मुलांना शिकवणं, म्हणजे त्यांच्या मनात शरीराचं चुकीचं चित्र रुजवणं. अभ्यास होत नाही याचं खापर एका रसायनावर फोडायला ती मुलं मग शिकतात.

संशोधनाचा प्रवाह मात्र वळला आहे, आणि पार्किन्सनमध्येच तो सर्वांत स्पष्ट दिसतो. एलआरआरके-२ या जनुकाचा या आजाराशी असलेला संबंध २००४ मध्ये उघड झाला. ते जनुक एक मोठं कायनेज बनवतं, आणि त्यातले काही बदल त्या कायनेजला गरजेपेक्षा जास्त चालवतात. साहजिकच ते कायनेज अडवणारी औषधं बनली. पण एलआरआरके-२ च्या ९१० आणि ९३५ या जागांवर फॉस्फेट असलं, तरच १४-३-३ त्याला धरून ठेवू शकतं. औषधाने कायनेज अडवलं की ही दोन्ही फॉस्फेट उतरतात, १४-३-३ सुटतं आणि एलआरआरके-२ ची पेशीतली जागाही बदलते. माकडांवरच्या चाचण्यांत अशा औषधांनी फुप्फुसांतल्या काही पेशींची रचना बदललेली आढळली. म्हणून या औषधांच्या मानवी चाचण्यांत स्वयंसेवकांच्या रक्तात एलआरआरके-२ च्या ९३५ व्या जागेवरचं फॉस्फेट किती उतरलं हे मोजलं जातं, आणि त्यासोबत त्यांच्या फुप्फुसांची क्षमताही तपासली जाते.